पलीकडची मतं

नदी दरवर्षी या दिवसांत गुडघ्यावर येते. माणसं चपला हातात घेऊन चालत पार होतात आणि नावाडी होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फासत बसतो. यंदा वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं, आणि ते बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं. नदी कमरेच्या वर तटतटून वाहत होती. विसाव्याच्या महिन्यात नावाड्याचे खांदे भरून आले होते, आणि नेमकी त्याच महिन्यात गावाला निवडणूक आली.

त्याच्या होडीला वल्हं नव्हतं. अलीकडच्या जांभळाच्या झाडापासून पलीकडच्या खांबापर्यंत मनगटाएवढा जाड दोर ताणलेला होता. होडीच्या काठावरच्या दोन लोखंडी कड्यांतून तो ओवलेला. नावाडी मध्ये उभा राहायचा आणि हातावर हात टाकत दोर ओढायचा, की होडी सरकायची. त्याच्या बापानं हेच केलं होतं. बापाकडून त्याला तीन गोष्टी मिळाल्या: होडी, दोर आणि एक नियम. होडीत भांडायचं नाही. कोणे काळी दोघा व्याह्यांनी भर पाण्यात एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या आणि अख्खी होडी कलंडली होती. तेव्हापासून होडीत पाय ठेवला की माणूस तोंडातला कडू घोट गिळायचा आणि गोड बोलायचा. उतरल्यावर काय ते करा.

गावाचं मत कुठं आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. वरची आळी लाकडाच्या वखारवाल्याची, खालची आळी पिठाच्या गिरणीवाल्याची. दोन्ही आळ्या तोलास तोल. उरली नदीपलीकडची वस्ती. चार कुंभारांची घरं आणि बाकी भाजी पिकवणारे. ती माणसं मताला नदी ओलांडून अलीकडच्या शाळेत येणार, आणि ज्याच्या पारड्यात पडतील तो जिंकणार. पारावर, चक्कीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे एकच वाक्य होतं: "पलीकडचे काय करतात, बघायचं."

आणि गिरणीवाला म्हणजे नावाड्याचा सख्खा धाकटा भाऊ.

इथं आडपडदा कशाला ठेवायचा? नावाड्याला धाकट्याचा मत्सर वाटायचा. आजचा नव्हे, दोघं एका पांघरुणात झोपायचे तेव्हापासूनचा. दुधावरची साय धाकट्याला, कारण तो नाजूक. शाळा धाकट्याला, कारण तो हुशार. दोर थोरल्याला, कारण त्याचे हात चांगले. हात चांगले! आईनं हे कौतुकानं म्हटलं होतं, पण नावाड्याला ते आयुष्यभर पायातल्या काट्यासारखं सलत होतं. धाकट्यानं गिरणी टाकली, इस्त्रीचे सदरे घालू लागला, आणि लोक त्याला "भाऊ" म्हणू लागले. नावाड्याला लोक "ए नावाड्या" म्हणायचे. त्यात काही वावगं नव्हतं, बापालाही तसंच म्हणायचे. पण एकाच आईच्या पोटातून एक "भाऊ" निघतो आणि एक "ए नावाड्या" निघतो, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

प्रचार सुरू झाला तसा धाकटा एका फोटोवाल्याला घेऊन धक्क्यावर आला.

"दादा, जरा सरक रे बाजूला," तो म्हणाला आणि होडीत चढला. चढताना एकदा डगमगला. मग दोन्ही हातांनी दोर धरून लांब कुठंतरी बघू लागला.

"अरे, असा नाही धरत," नावाडी म्हणाला. "अंगठा आत घे, नाहीतर सोलून निघेल."

"ओढायचाय कुठं दादा, फोटोच काढायचाय."

चार दिवसांनी फलक लागला, तोही नावाड्याच्याच जांभळाला. धाकटा छाती काढून दोर ओढतोय, खाली मोठ्या अक्षरांत: 'नावाड्याचा मुलगा, तुमचा सेवक. निशाणी होडी.' कडेला एक काळं कोपर तेवढं आलं होतं. नावाडी बाजूला सरकला होता, पण पुरेसा सरकला नव्हता.

"कोपर ओळखीचं वाटतंय," पलीकडचा भाजीवाला होडीत टोपल्या चढवताना म्हणाला. "डाव्या अंगाचं दिसतंय तुझं."

होडीभर हसू झालं. नावाडीही हसला. हसताना त्याला कळलं की आपले दात आवळले गेलेत.

"पण काही म्हण हं," भाजीवाला सावरून म्हणाला, "भाऊ माणूस लाखात एक."

"मनानं मोठा," दुसऱ्यानं री ओढली.

"आईबापाचं नाव काढलं त्यानं," तिसरी म्हणाली.

सगळ्यांत पुढं कुंभारीण आजी बसलेली असायची, मडक्यांची उतरंड गुडघ्यांत धरून. वस्तीत तिचा शब्द चालायचा. ती नावाड्याला जन्मापासून ओळखत होती आणि त्याला सदान्‌कदा रागवायची. "हळू ओढ रे मुडद्या, माझी मडकी फोडशील." उतरताना मात्र त्याचंच मनगट धरायची, दुसऱ्या कुणाचा हात तिला चालायचा नाही. तीही मान डोलवून म्हणाली, "चांगला आहे हो तुझा भाऊ. चांगलाच आहे."

रोज येता-जाता हेच. भाऊ असा नि भाऊ तसा. नावाड्याला वाटायचं, या होडीत आपण दोर नाही ओढत, भावाची पालखी वाहतोय.

त्यात दोराचा एक पदर विरला होता. कड्यातून जाताना तंतू फुलून यायचे, तळहातात कुसळं मोडायची. धाकटा शहरात निघाला तेव्हा नावाड्यानं सांगितलं होतं, "येताना दोर घेऊन ये. हा आता फार दिवस टिकायचा नाही."

"आणतो की, त्यात काय!" धाकटा म्हणाला होता. आला तो गाडीभर फलक घेऊन. दोराचं विचारल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "डोक्यातूनच गेलं बघ, दादा!" आणि इतकं गोड हसला की आई म्हणाली, "किती व्याप एका जिवाला!"

प्रचाराची शेवटची सभा धक्क्यावरच झाली. धाकट्याच्या हातात कर्णा होता.

"दोर ओढायचे दिवस गेले!" तो म्हणाला. "मी निवडून आलो की या नदीवर इंजिनाची लाँच येणार. आणि ज्या माझ्या दादानं जन्मभर उन्हात हात सोलून घेतले, त्याला मी सावलीत खुर्ची देणार. तिकिटं फाडायला!"

खालच्या आळीनं टाळ्यांचा कडकडाट केला. आईनं पदरानं डोळे पुसले. दोन-चार जणांनी वळून नावाड्याकडे असं पाहिलं, जणू त्याला लॉटरी लागली. त्यानं आपले हात पाठीमागे घेतले. पलीकडच्या काठावर वस्तीतली माणसं ऐकत उभी होती. ती टाळ्या वाजवतात की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही.

घरी आल्यावर बायको खुशीत होती. "सुटाल एकदाचे उन्हातून."

"मी कुणाकडे रडलो होतो, ऊन लागतंय म्हणून?"

"चांगलं बोललं तरी तुम्हाला वाईटच लागतं."

ती धाकट्याचा सदरा इस्त्री करत होती. कोळशाची जड इस्त्री, ती कॉलरवर अशी अलगद फिरवत होती की बघवेना. गेला आठवडाभर ती आळीत घरोघर जात होती. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुमच्यासारखं बोलणारं माणूस पाहिजे. तिनं हे नावाड्याला चारदा सांगितलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला बोलता येतं हे आपल्या कसं ध्यानात आलं नाही, आणि त्याच्या कसं आलं?

"माझ्या सदऱ्याला कधी फिरवली का ती?" तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या सदऱ्याला कॉलर कुठं शिल्लक आहे?"

ती सहज बोलली. पण नावाडी जेवणावरून उठला आणि बाहेर जाऊन हात धूत बसला, धुतलेलेच परत परत.

मतदानाच्या दिवशी आईला न्यायला धाकट्यानं गाडी पाठवली. पुढच्या सीटवर उशी टाकलेली. आईला कुठंही न्यायचं तर आजवर नावाडी पाठीवर घेत होता, धक्क्याच्या पायऱ्या तिला कधी स्वतः उतरू दिल्या नव्हत्या. आज ती काच खाली करून म्हणाली, "तू ये रे मागून चालत. तुला काय, दोन पावलांवर तर शाळा."

शाळेत रांग होती. दारातल्या शिपायानं विचारलं, "तुम्ही भाऊंचे कोण?"

"थोरला."

"असं होय? वाटत नाही," शिपाई म्हणाला. वाईट मनानं नव्हे, पण म्हणाला.

आत पुठ्ठ्याच्या आडोशाला नावाडी एकटाच उभा राहिला. समोर दोन चित्रं होती, वखारवाल्याची शिडी आणि धाकट्याची होडी. त्यानं ठरवूनच ठेवलं होतं, शिडी. कोण बघतंय? बोट शिडीपर्यंत गेलंही. पण होडी बाजूला सारून शिडीवर बोट ठेवणं त्याच्या हाताला काही जमेना. बापाची होडी ती. त्यानं होडी दाबली, यंत्र वाजलं, आणि त्याला स्वतःचीच अशी चीड आली की शाई वाळायच्या आत ती सदऱ्याला पुसली गेली.

दारात बायको गिरणीवाल्याच्या माणसांमध्ये उभी होती. कुणीतरी तिला खुर्ची दिली होती. ती हसत होती. हा समोरून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

पलीकडचे लोक दुपारी येणार होते. सकाळी भाजीची तोडणी असते, ती टळत नाही. उन्हं कलायच्या आधी सगळे मिळून येतो, असा निरोप होता.

नावाडी धक्क्यावर आला. धक्का रिकामा होता. सगळं गाव शाळेपाशी. जांभळाखाली त्यानं दोराचा विरलेला पदर हातात घेतला आणि बघत राहिला. वर फलकात धाकटा छाती काढून तोच दोर ओढत होता. पलीकडचे आले की भाऊ निवडून येणार. आणि त्यांना आणणार कोण? मी. माझ्या हातांनी एकेकाला ओढून आणायचं, मग याचं नाव होणार, आणि मला तिकिटं फाडायला बसवणार. त्याच्या मनात हे इतकं स्वच्छ उमटलं की त्याला आश्चर्य वाटलं, हे आधी कसं सुचलं नाही.

होडीत विळा होता, शेवाळ खरवडायचा. विरलेला पदर दोन घावांत तुटला. दुसरा अर्ध्यावर आला तसा त्यानं विळा थांबवला, उरलेले तंतू बोटांनी उसकटले, म्हणजे कापल्यासारखं दिसू नये. मग जांभळावरची गाठ सैल केली, तसा दोर ढिला पडून मधोमध पाण्याला टेकला. त्यानं विळा होडीतल्या फळीखाली सारला आणि मांडी घालून सांधा करायला बसला.

सांधा करणं हे हळू करावं तितकं हळू होतं. पदर सोडवायचे, ओले करायचे, एकमेकांत विणायचे. नावाड्यानं एक पदर विणला आणि उसवला. पुन्हा विणला.

पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. धुतलेले कपडे, बायकांच्या केसांना तेल. सगळ्यांत पुढं कुंभारीण आजी.

"नावाड्याऽ! काय झालं रे?"

"दोर तुटलाय!"

त्याला वाटलं होतं तसा तिकडून गलका झाला नाही. थोडा वेळ आपसात बोलणं झालं. मग आजीचाच आवाज आला.

"तुला लागलं नाही ना?"

"नाही!"

"मग घाई करू नकोस! हात जप! आम्ही बसतो!"

आणि ती माणसं खरोखरच वाळूत बसली. एक तरणा पोरगा कपडे काढून पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, ओढीनं दोनदा पडला आणि परत फिरला. बायकांनी त्याला शिव्या घातल्या. नावाडी मान खाली घालून विणत होता. त्या विणण्यात एक गोडवाही होता. जन्मात पहिल्यांदा धाकट्याचं काहीतरी त्याच्या मुठीत होतं.

उन्हं कलली तेव्हा धाकटा आला, एकटाच. इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं पलीकडची माणसं पाहिली, ढिला दोर पाहिला, मांडीवरचा सांधा पाहिला. नावाड्यानं मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. तुला सांगितलं होतं ना दोर आण म्हणून? आता ओरड. बोल काय बोलायचं ते.

धाकट्यानं वाकून दादाच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला, आणि आल्या वाटेनं निघून गेला.

याला एवढी गुर्मी? पलीकडच्यांवाचूनही निवडून येईन म्हणतो? नावाड्यानं विणलेला पदर रागारागानं पुन्हा उसवला.

शाळेची घंटा झाली, दारं लागली. पलीकडची माणसं उठली, कपड्यांची वाळू झटकली. यावेळी कुणी हाक मारली नाही. आजी सगळ्यांत शेवटी उठली, थोडा वेळ इकडे बघत उभी राहिली आणि चढ चढून गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा निवडून आला.

ढोल वाजत वाजत घराच्या दारात आला तेव्हा नावाडी मागच्या अंगणात होडीचं डांबर ढवळत होता. म्हणजे पलीकडचे नव्हते तरी आलाच की हा. त्याच्या हातातलं दांडकं डांबरात रुतून राहिलं. धाकटा गर्दी बाहेर ठेवून एकटा आत आला. मागून आई, मागून बायको. धाकट्यानं आपल्या गळ्यातला हार काढून दादाच्या गळ्यात घातला आणि त्याचे डांबरानं माखलेले हात तसेच आपल्या हातांत घेतले.

"दादा, हे तुझं आहे. माझं काही नाही यात."

"काय बोलतोस?"

"आता माझ्यापासून कशाला लपवतोस? गिरणीत पलीकडच्यांची दळणं मी नेहमी मागं टाकायचो, त्याचा राग होताच त्यांना. वर ती लाँच काढली. त्या म्हातारीनं सगळ्या वस्तीला गळ घातली, आपल्या नावाड्याच्या पोटावर पाय देणाऱ्याला एक मत द्यायचं नाही. अख्खी वस्ती शिडीवर बोट ठेवायला निघाली होती, दादा. एक माणूस माझा नव्हता. मला आठवडाभर झोप नव्हती." धाकट्याचा आवाज भरून आला. "मी तुला सांगणार होतो, होडी अडव म्हणून. तोंड झालं नाही. आणि मी न सांगता तू..."

"ते तर तुझं कौतुक करायचे," नावाडी म्हणाला. "रोज. होडीत."

"होडीत!" धाकटा रडता रडता हसला. "तुझ्यासमोर तुझ्या भावाला कोण शिव्या देईल? तेही होडीत?"

आई नावाड्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "मला ठाऊक होतं, माझा थोरला पोटात किती माया ठेवतो ते." आणि बायको दाराला टेकून त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं ज्या नजरेसाठी तो झुरला होता, त्याच नजरेनं. त्याला ती सोसवेना. त्यानं हार काढला तर फुलांना डांबर लागलं.

"तू सदरा बदल," तो एवढंच म्हणाला. "माझ्या हातांनी खराब झाला."

सकाळी त्यानं दोर ताणला. एवढा वेळ घेऊनही सांधा जाडजूड आणि वेडावाकडा झाला होता, कड्यातून जाताना अडकायचा, हिसका दिल्यावर सुटायचा. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती, टोपल्या, मडकी, नेहमीसारखी. होडी लागली. ती एकेक करून चढली. कुणी त्याच्या कोपरावर विनोद केला नाही.

होडी निघाली. काठ मागं पडला. मग भाजीवाला म्हणाला, "भाऊ निवडून आले. चांगलं झालं."

"हो, चांगलं झालं," दुसरा म्हणाला.

मधोमध सांधा कड्यात अडकला. नावाड्यानं हिसका दिला, होडी हलली, आजीच्या गुडघ्यांतली मडकी एकमेकांवर आपटली. तो थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मुडद्या म्हण. एकदा तरी म्हण.

"सावकाश होऊ द्या," आजी म्हणाली. "तुम्हाला त्रास नको."

"आजी," नावाडी म्हणाला. दोर त्याच्या हातांत तसाच राहिला आणि होडी प्रवाहात कुरकुरू लागली. "आजी, मी त्याच्यासाठी नाही केलं. आईशप्पथ. मला तर तो... मला वाटलं, तुम्ही सगळे त्याचेच..."

"राहू द्या हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सख्ख्या भावासाठी माणूस करणारच. आमचं काही म्हणणं नाही. आणि होडीत कशाला तो विषय? तुमच्या वडलांनीच घालून दिलंय ना?"

सगळे पाण्याकडे बघत होते. नावाड्यानं दोर ओढला.

अलीकडे होडी टेकली. तो नेहमीसारखा आधी उतरला, पाण्यात उभा राहिला आणि आजीसाठी हात पुढं केला. तिनं उतरंड भाजीवाल्याकडे दिली, होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला, आणि हळूहळू, एकेक पाय चाचपत, स्वतःच खाली उतरली. लुगड्याचा काठ भिजला. ती तो पिळत थोडी थांबली.

"बरंय," ती म्हणाली. "संध्याकाळी येतो आम्ही. असाल ना तुम्ही?"

"असेन," नावाडी म्हणाला. त्याचा हात अजून पुढंच होता.